रानातली फांदी

मामांचा चाकू बोटभर लांबीचा. घासून घासून पातं इतकं झिजलंय, की मुठीपाशी रुंद आणि टोकाकडे सुईसारखं. जूनचा दुसरा पाऊस पडला की मामा त्याला धार लावतात, खिशात घालतात आणि बांधावरच्या गावठी बोरींना डोळे भरायला निघतात. उन्हाळ्यात छाटलेल्या बोरीला तोवर पेन्सिलीएवढे फुटवे आलेले असतात. त्यातला एक रसरशीत फुटवा धरायचा, सालीवर एक आडवा आणि एक उभा काप घ्यायचा, साल हलकेच उचलायची आणि मेहरूण या चांगल्या जातीच्या बोरीच्या काडीवरून ढालीच्या आकाराचा काढलेला डोळा त्या सालीखाली सरकवायचा. मग प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायचं, डोळा तेवढा उघडा ठेवायचा. सगळं मिनिटभरात. रेंगाळलं की ओल सुकते आणि डोळा लागत नाही.

मामांची शेती चाळीसगाव तालुक्यात. कोरडवाहू कापूस, थोडं लिंबू आणि बांधावर बोरी. ते आमच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे पाळकसाहेब नसतील त्या रविवारी प्रार्थना चालवणारे. एका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर कौटुंबिक उपासना होती आणि वाचन माझ्याकडे होतं. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय. ते लिहिणारा प्रेषित पौल तिथं इस्राएलाला, म्हणजे यहुदी लोकांना, जैतुनाच्या झाडाची उपमा देतो. काही डाहळ्या तोडल्या गेल्या, आणि तू, म्हणजे परराष्ट्रीय, यहुदी नसलेला विश्वासणारा, रान जैतुनाची फांदी असूनही त्या झाडावर कलम केला गेलास, मुळाच्या रसाचा वाटेकरी झालास. मी वाचत होते आणि मामा मान हलवत होते. होकाराची मान नव्हती ती.

"आसं कोन करस, माय?" ते म्हणाले. "गावठीवर मेहरूण बांधतस. मेहरूणवर गावठी कोन बांधी?"

ओट्यावर सगळे गप्प झाले. मामांनी हा अध्याय आयुष्यात वीस-पंचवीस वेळा तरी ऐकला असेल, पण त्या दिवशी त्यांच्या नखांत बोरीच्या सालीचा हिरवा रस होता.

त्यांचं म्हणणं सोपं होतं. मूळ रानाचं हवं, कारण ते पाण्याच्या शोधात खोल जातं, दुष्काळ सोसतं. फांदी चांगल्या जातीची हवी, कारण फळ फांदीच्या जातीचं येतं. उलटं केलं, चांगल्या मुळावर गावठी डोळा भरला, तर बोरं गावठीच येणार. मूळ कितीही गोड असो, फांदीची जात त्यानं बदलत नाही. शेतकऱ्याच्या हिशोबानं पौलाचं झाड हा निव्वळ तोटा आहे.

मी पुढची वचनं वाचली. चोविसाव्या वचनात पौल स्वतःच म्हणतो, की हे कलम स्वभावाविरुद्ध आहे. त्याला ठाऊक होतं. त्याच काळातला रोमन शेतीलेखक कोलुमेला न फळणाऱ्या जैतुनाच्या खोडात रान जैतुनाची काडी बसवायला सांगतो, म्हणून काही अभ्यासक म्हणतात की पौलाच्या डोळ्यांसमोर तीच पद्धत असावी. मला ते पटत नाही. कोलुमेलाच्या कलमाचा हेतू थकलेल्या झाडाला जोम देणं हा होता. पौलाच्या झाडाला आपली गरज नव्हती. आपल्याला त्या झाडाची होती. मामांचा आक्षेप हाच त्या वचनाचा खरा अर्थ आहे असं मला त्या रात्री वाटलं आणि अजून वाटतं. कोणी करत नाही असं देवानं केलं. फायद्यासाठी केलं नाही.

आपल्या भाषेत कलम या शब्दाला फार अर्थ आहेत. झाडाचं कलम, कराराचं कलम, लिहायचं कलम, आणि 'शीर कलम केलं' यातलंही कलम. बायबलच्या संदर्भात हे सगळे अर्थ एका ठिकाणी येतात. इब्री भाषेत करार 'करत' नाहीत, करार 'कापतात'. उत्पत्ती या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम जनावरं मधोमध चिरून समोरासमोर मांडतो. रीत अशी, की करार करणाऱ्यानं त्या तुकड्यांमधून चालत जायचं: शब्द मोडला तर माझी गत अशी होवो. पण संध्याकाळ होते, अब्राहामाला गाढ झोप लागते, आणि त्या तुकड्यांमधून धुराची भट्टी आणि जळती मशाल तेवढी पुढे सरकते. अब्राहाम चालतच नाही. सगळी जोखीम एकट्या देवानं आपल्या अंगावर घेतली. आपल्याकडे शेत बटाईनं द्यायचं तरी दोघांचे अंगठे लागतात. इथं एकाच बाजूचा अंगठा आहे.

म्हणून 'इस्राएलानं ख्रिस्ताला नाकारलं, तेव्हा तो करार संपला, आता चर्च हेच इस्राएल' असं कोणी म्हटलं, की माझ्या पोटात खड्डा पडतो. मी हे लहानपणापासून ऐकलं आहे. पुण्याला तरुणांच्या एका शिबिरात एका विद्वान वक्त्यानं ते इतकं मुद्देसूद मांडलं, की मी वहीभर टिपणं घेतली होती. आधार नाहीत असं नाही. गलतीकरांच्या पत्रात पौल म्हणतो, ख्रिस्ताचे असाल तर तुम्ही अब्राहामाचं संतान आहात. पेत्र आपल्या वाचकांना निवडलेला वंश, पवित्र राष्ट्र म्हणतो. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरनं ख्रिस्ती लोकांनाच खरं इस्राएल म्हटलं, आणि पुढे शेकडो वर्षं हीच चर्चची सर्वसाधारण समजूत राहिली.

आमच्या खानदेशात मात्र दुसरंही एक शिकवलं गेलं. मी मुलगी असताना शब्बाथशाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाच्या भिंतीवर एक कापडी तक्ता होता. त्यावर सात काळ, वर्तुळं, वर जाणारे बाण, खाली येणारे बाण. इस्राएल हे देवाचं पृथ्वीवरचं लोक, मंडळी हे स्वर्गीय लोक, दोघांचे रस्ते वेगळे. मंडळीचा काळ म्हणजे इस्राएलाच्या गोष्टीत मध्येच उघडलेला कंस. हा विचार एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बीनं मांडला, आणि 1909 च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांनी तो घरोघरी नेला. पश्चिम खानदेशात, नंदुरबार-नवापूरकडे काम करणारं स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन 1890 मध्ये अमेरिकेत स्थापन करणारा फ्रेड्रिक फ्रान्सन याच वातावरणात घडलेला, प्रभू लवकर येणार या ध्यासानं देशोदेशी फिरलेला माणूस. त्याच्या मिशनची माणसं सातपुड्याच्या पायथ्याशी तापानं फणफणत राहिली, दवाखाने आणि शाळा काढून गेली. त्यांच्या तक्त्याशी माझं जमत नाही, पण त्यांच्या बाबतीत एक गोष्ट मान्य करायला हवी. देव इस्राएलाला विसरलेला नाही, हे खानदेशातल्या गरीब मंडळ्यांना पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं.

अडचण एवढीच, की पौलाकडे झाडं दोन नाहीत. एकच आहे. त्याच झाडाच्या काही फांद्या तुटतात, त्याच झाडावर रानातल्या बांधल्या जातात, आणि तुटलेल्या पुन्हा तिथंच बांधायला देव समर्थ आहे असं तो म्हणतो.

यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात नव्या कराराचं वचन आहे. प्रभुभोजनाच्या वेळी प्याला उचलताना आम्ही तोच शब्द उच्चारतो. पण तो करार कोणाशी होणार असं तिथं लिहिलं आहे? इस्राएलाच्या घराण्याशी आणि यहूदाच्या घराण्याशी. आमचं नाव त्या कागदावर नाही. चाळीसगावचं नाही, भुसावळचं नाही, रोमचंही नाही. आणि लगेच पुढे देव म्हणतो, की सूर्य, चंद्र आणि ताऱ्यांचे नियम ढळले तरच इस्राएलाचं संतान माझ्यापुढून नाहीसं होईल. ज्या करारात आम्ही नंतर घेतले गेलो, त्याचे मूळ धनीच बाहेर गेले म्हणून सांगायचं आम्हाला काय तोंड आहे? आणि देवानं त्यांना दिलेला शब्द फिरवला असेल, तर मला दिलेला तो का पाळेल? त्यांच्या गाठीशी अब्राहाम होता. माझ्या गाठीशी फक्त देवाची दया आहे.

हे मला कळायला चाळीस वर्षं लागली. त्यामागे एक दरवाजा आहे.

माझे वडील रेल्वेत, भुसावळला. आमच्या क्वार्टरच्या रांगेत शेवटच्या घरात एक काकी राहायच्या. त्यांचं घराणं अलिबागकडचं, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. बोलणं आमच्यासारखं मराठीच, फक्त हेल कोकणी. नऊवारीही तशीच. फरक दारात होता. उजव्या चौकटीवर, माझा हात टाचा उंचावून पोचेल एवढ्या उंचीवर, एक बोटभर डबी तिरकी ठोकलेली असायची. त्यांचं घर सोडून रांगेत कुठेही तशी डबी नव्हती. काकी आत-बाहेर करताना बोटं तिला लावायच्या आणि मग ओठांना. डबीवर इतके हात लागलेले होते, की कडा गुळगुळीत झाल्या होत्या. आत काय आहे विचारलं, तर म्हणाल्या, 'हे इस्राएला, ऐक.' शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे तेलाचा दिवा लागायचा, आणि कधीमधी एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या नावानं मलिदा व्हायचा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. पहिली वाटी मला.

शुभ शुक्रवारच्या आधीच्या रविवारी शब्बाथशाळेत आम्हाला सांगितलं, की यहुद्यांनी येशूला मारलं. मी घरी न जाता थेट शेवटच्या दाराशी गेले. काकी उंबऱ्यात बसून मेथी निवडत होत्या.

"काकी, तुम्ही येशूला का मारलं?"

त्यांचे हात थांबले. हातातली जुडी त्यांनी ताटलीत ठेवली, देठ एका बाजूला केले. मग म्हणाल्या, "आम्ही तेव्हा नवगावला होतो गं. त्याच्या कितीतरी आधी आमचं गलबत तिथं फुटलेलं." आणि मला आत बोलावून पाणी दिलं.

बेने इस्राएलांची परंपरागत गोष्टच ती. नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं, सात जोडपी वाचली. पुढे शेकडो वर्षं तेल गाळायचा धंदा केला, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावानं 'शनवार तेली' नाव दिलं. बरंच काही विसरलं, पण 'ऐक' एवढं वचन विसरलं नाही. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी जुना करार मराठीत आणला, तेव्हा आपलं शास्त्र आपल्या बोलीत वाचायची त्यांना वाट मिळाली. मी याचा पुष्कळ विचार केला आहे. रानातल्या फांदीनं मूळ फांदीला तिचंच पुस्तक परत दिलं, आणि त्याच फांदीनं काकींच्या दारात माझ्या तोंडून तो प्रश्नही विचारला.

काकी पुढे इस्राएलला गेल्या, दिमोनाला. तिथं बेने इस्राएलांच्या यहुदीपणावर शंका घेतली गेली होती. त्यांना सत्याग्रह करावा लागला, आणि 1964 मध्ये त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळाली. काकींनी आईला मराठीत पत्रं लिहिली. मी मोठी झाले, शिक्षिका झाले, रविवारी शब्बाथशाळा घेऊ लागले, आणि बारा वर्षं मी स्वतः मुलांना 'यहुद्यांनी येशूला मारलं' हेच वाक्य सांगत आले. कोणी खुपसलं नव्हतं माझ्या तोंडात. पुस्तिकेत छापलेलं होतं आणि मी वाचत होते. त्याची लाज मला अजून वाटते.

त्या वाक्यानं जगात काय केलं, ते मी फार उशिरा वाचलं. अंत्युखियात 386 आणि 387 मध्ये सोन्याच्या वाणीचा म्हणून गौरवलेल्या योहान ख्रिसोस्टमनं यहुद्यांविरुद्ध दिलेली प्रवचनं. मार्टिन ल्यूथर, ज्याच्या रोमकरांस पत्राच्या वाचनातून आमच्यासारख्यांच्या मंडळ्या उभ्या राहिल्या, तो 1523 मध्ये यहुद्यांशी प्रेमानं वागा म्हणाला होता. त्यानंच 1543 मध्ये त्यांची सभास्थानं जाळा असं लिहिलं. विसाव्या शतकात ती खरोखर जाळली गेली, आणि नंतर साठ लाख माणसं मारली गेली. बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांच्या देशात. 28 ऑक्टोबर 1965 रोजी रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र जाहीर केलं. ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या काळच्या सरसकट सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं, आणि दाखला दिला तो याच झाडाचा. अमेरिकेतल्या मोठ्या ल्यूथरन मंडळीनं 1994 मध्ये ल्यूथरचं ते लिखाण नाकारलं. पौलानं इशारा दिला होता इ.स. 57 च्या सुमारास: बढाई मारू नकोस, तू मुळाला धरलेलं नाहीस, मुळानं तुला धरलंय.

तो इशारा रोमला का गेला, हेही मला फार जवळचं वाटतं. सम्राट क्लौद्यानं 49 च्या सुमारास यहुद्यांना रोममधून हाकललं होतं. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे यहुदी जोडपं तेव्हाच करिंथला आलं. क्लौद्य 54 मध्ये मेला, यहुदी परतू लागले. तोवर घरोघरच्या मंडळ्या परराष्ट्रीयांच्या हाती गेलेल्या. ज्यांनी घर बांधलं ते परत आले, तर पाटावर दुसरेच बसलेले. भावकीत असं झालं की काय होतं, ते खानदेशात कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

यहुद्यांचा मार्ग सिनायवरून, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रातून, आमचा ख्रिस्तावरून, आणि एकमेकांना काही सांगूच नये, असं म्हणणारेही आज आहेत. साठ लाख मरणांनंतर ते का म्हणावंसं वाटतं, हे मी समजू शकते. पण ज्या पौलानं आपल्या भाऊबंदांसाठी मी स्वतः शापित व्हायला तयार आहे असं लिहिलं, त्याला सोबत घेऊन मी तिथवर जाऊ शकत नाही. 'सगळं इस्राएल तारलं जाईल' या त्याच्या वाक्याचा अर्थ धर्मसुधारक कॅल्विननं यहुदी आणि परराष्ट्रीय मिळून देवाची सगळी प्रजा असा लावला. मी मात्र ते वाक्य साध्या अर्थानं घेते. आधीच्या वचनात इस्राएल म्हणजे यहुदी लोक, तर पुढच्या वचनातही तेच. कसं आणि केव्हा, ते पौल 'रहस्य' म्हणून सोडतो.

पश्चिम आशियातल्या युद्धाच्या बातम्या आल्या, की आमच्या मंडळीत कोणीतरी उभं राहून अब्राहामाला आशीर्वाद देतील त्यांना देव आशीर्वाद देईल, हे उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायातलं वचन म्हणतं आणि एका सरकारच्या विजयासाठी प्रार्थना करतं. मला त्या वेळी 'आमेन' म्हणता येत नाही. वचन खरं आहे. पण जो संदेष्टा आमोस इस्राएलाला सांगतो की पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांपैकी देवानं तुम्हालाच ओळखलं, तोच पुढच्या श्वासात म्हणतो, म्हणून तुमच्या अधर्माचा जाब तुम्हालाच विचारणार. निवड म्हणजे राजाला मोकळीक, असं एकाही संदेष्ट्यानं कधी म्हटलं नाही. आणि बेथलेहेमात, रामल्लात, गाझात अरबी भाषेत प्रभूची प्रार्थना म्हणणारी माणसं आहेत. त्याच मुळावरची आहेत ती. काकींच्या नातवंडांसाठी आणि त्या लेकरांसाठी मी एकाच दमात प्रार्थना करते. दोन्ही नावं एका वाक्यात घेतली, की मंडळीतले काही जण माझ्याकडे वळून पाहतात.

गेल्या वर्षी नवापूरकडे एका गावात महिलांची सभा होती. तिथल्या मंडळीतले एक मावची आजोबा, बायबल उघडायला चष्मा लागतो पण वचनं तोंडपाठ. अकराव्या अध्यायाचा विषय निघाला. मी 'रान' हा शब्द जरा जपूनच उच्चारला. आदिवासींना रानटी म्हणून किती हिणवलं गेलंय, ते मला ठाऊक आहे. आजोबा मात्र खुलले. म्हणाले, "ताई, आख्ख्या पुस्तकात आमचं नाव एवढ्याच जागी आहे. रानातली फांदी. ते खोडू नका." मग बोट त्या ओळीवर ठेवून बराच वेळ बसले.

या जूनमध्ये मी मामांकडे होते. दुसरा पाऊस झाला होता. मामांना आता खाली वाकवत नाही, म्हणून मी फुटवा धरत होते आणि ते काप घेत होते. मेहरूणच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या. दहा-बारा बोरी झाल्यावर ते बांधावर टेकले.

"त्या कापेल फांद्यास्नं काय व्हयनं मंग? पुस्तकमा काय लिखेल शे?"

ओट्यावरच्या त्या संध्याकाळीही मी हे वाचलं होतं. पण माझ्याजवळ मोबाइलमध्ये बायबल होतं, ते पुन्हा वाचलं. त्याही पुन्हा कलम केल्या जातील, कारण त्यांना पुन्हा कलम करायला देव समर्थ आहे.

मामांनी मान हलवली. तोडलेली काडी दोन दिवस टिकते, फार तर तीन. त्यानंतर चुलीत. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ते काही बोलले नाहीत. उरलेल्या काड्या उन्हात पडल्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून उचलल्या, गोणपाटात ठेवल्या आणि मला विहिरीवरून आणखी पाणी आणायला सांगितलं.